बंकरमधील चेंडू : हात कोठे लावावा, कोठे लावू नये

कोलकाता : गोल्फच्या मैदानावर वाळूच्या खड्ड्यात पडलेल्या चेंडूला खेळाडूने हात लावावा का, असे विचारले तर बहुतेक प्रेक्षक ‘नाही’ असे उत्तर देतील. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. चेंडू ओळखण्यासाठी, दुसऱ्या खेळाडूला वाट करून देण्यासाठी किंवा साचलेल्या पाण्यातून सुटका मिळविण्यासाठी बंकरमधील चेंडू उचलण्यास नियमांची स्पष्ट मुभा आहे. या ठिकाणचा कडक निर्बंध चेंडूपेक्षा वाळूशी अधिक निगडित आहे. १ जानेवारी २०१९ पासून नियमांची जी फेरमांडणी अमलात आली, तिने हा निर्बंधही पुष्कळ सैल केला. पण तो नेमका कोठे सैल झाला आणि कोठे पूर्वीइतकाच कडक राहिला, याविषयी अनुभवी खेळाडूंचाही घोटाळा होतो. हा घोटाळा स्वस्त नसतो. वाळूचे चार कण काठीला लागल्याने दोन फटक्यांचा दंड बसतो, आणि त्या दोन फटक्यांनी आजवर मोठमोठी अजिंक्यपदे हिरावून घेतली आहेत.

भारतात या विषयाचे मूळ गाव कोलकाता हेच होय. १८२९ साली दमदम येथे स्थापन झालेला आणि आज ‘रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब’ या नावाने ओळखला जाणारा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९११ सालच्या भारतभेटीच्या स्मरणार्थ त्याच्या नावाला ‘रॉयल’ ही उपाधी जोडली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शहराच्या दक्षिणेस टॉलीगंज भागात स्थिरावला. देशातील हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा याच क्लबाने १८९२ साली सुरू केली. १९६५ साली येथे झालेली इंडियन ओपन स्पर्धा पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी यांनी हौशी खेळाडू असताना जिंकली आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. १९९८ मध्ये फिरोज अली आणि १९९९ मध्ये अर्जुन अटवाल यांनी याच मैदानावर तो चषक उचलला. शिवशंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील या क्लबात हिरवळीची निगा राखण्याचे काम करीत. मुलगा तेथेच पाहून पाहून खेळ शिकला आणि २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपनचा विजेता झाला. हिरवळीभोवतालच्या छोट्या फटक्यांवरील हुकमतीमुळे सहकाऱ्यांनी त्याला ‘चिपपटसिया’ असे नाव ठेवले होते. बंकरमधून चेंडू बाहेर काढणे हा त्याच कौशल्याचा भाग आहे.

येथील जमीन सपाट, गाळाची आणि सखल आहे. टॉलीगंजच्या मैदानाची खरी ओळख त्यातील तळ्यांमुळे आहे. पावसाळ्यात बंकरच्या तळाशी पाणी साचते, वृक्षांची पाने वर्षभर वाळूत पडत राहतात, कावळे आणि कोल्हे आपापली पावले उमटवून जातात. त्यामुळे नियमपुस्तिकेतील जी कलमे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर क्वचित उघडावी लागतात, ती कोलकात्यात नित्याची होतात. मुंबईत चेंबूरला, पुण्यात येरवड्याला किंवा नाशिकला खेळणाऱ्यांनाही हे प्रसंग अनोळखी नाहीत.

पुढील विवेचनात एका शब्दाची सोय करून घेतली आहे. चेंडू मारण्याच्या साधनालाही गोल्फमध्ये क्लब म्हणतात आणि संस्थेलाही क्लबच म्हणतात. म्हणून साधनासाठी येथे काठी हा शब्द वापरला आहे.

प्रथम चेंडू बंकरमध्ये आहे की नाही, हे ठरवावे लागते. बंकर म्हणजे वाळू घालून मुद्दाम तयार केलेला भाग. तो बहुधा खोलगट असतो. बंकरच्या कडेच्या आत चेंडूचा कोणताही भाग वाळूला टेकलेला असेल, तर चेंडू बंकरमध्ये आहे असे धरले जाते. वाऱ्याने वा पाण्याने वाळू वाहून गेलेल्या जागेवर तो असला तरी निकाल तोच. वाळूवर पडलेल्या पानावर, दाताळ्यावर किंवा साचलेल्या पाण्यात चेंडू असला तरीही तो बंकरमध्येच समजला जातो. मात्र बंकरच्या आत उगवलेल्या गवताच्या बेटावर तो थांबला असेल आणि वाळूला मुळीच टेकलेला नसेल, तर तो बंकरमध्ये नसतो. मग काठी टेकविण्यावर बंकरचे निर्बंध लागू होत नाहीत. चेंडूखाली वाळू आहे की गवत, हे वाकून पाहण्याचे कष्ट दोन फटके वाचवू शकतात.

चेंडू बंकरमध्ये आहे असे ठरले की बारावा नियम लागू होतो. फटका मारण्यापूर्वी चार गोष्टी वर्ज्य आहेत. वाळू मऊ आहे की घट्ट, ओली आहे की कोरडी, याचा अंदाज घेण्यासाठी हाताने, काठीने, दाताळ्याने वा अन्य वस्तूने ती मुद्दाम चाचपता येत नाही. चेंडूच्या लगेच पुढील किंवा मागील वाळूला काठी टेकविता येत नाही. सरावासाठी काठी फिरविताना ती वाळूला लागता कामा नये. आणि प्रत्यक्ष फटक्यासाठी काठी मागे नेताना तिने वाळूला स्पर्श करू नये. यांपैकी कोणतीही गोष्ट घडली तर फटके मोजून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत दोन फटक्यांचा दंड होतो; एकास एक लढतीच्या प्रकारात तो होल प्रतिस्पर्ध्याला जातो.

यापलीकडे परवानग्यांची बाजू आहे आणि २०१९ पासून ती बरीच मोठी झाली आहे. पाय रोवून उभे राहता येते. त्यातून वाळूचा अंदाज आपोआप येतो, पण नियमाने तो गैर मानलेला नाही. न वापरायच्या काठ्या बंकरमध्ये ठेवता येतात. तोल जाऊ नये म्हणून किंवा नुसती विश्रांती म्हणून काठीवर रेलता येते. मैदानाची निगा म्हणून वाळू सारखी करता येते. फार काय, चिडून वाळूवर काठी आपटली तरी आता दंड नाही. तीवरून वाळूची परीक्षा होते असे कोणी म्हणेल. पण नियमकर्त्यांनी रागावणारा आणि चाचपणी करणारा यांत फरक केला आहे, आणि मनुष्यस्वभाव पाहता तो योग्यच वाटतो. या सर्व सवलतींना एक अट मात्र आहे. आपल्याच पुढच्या फटक्याची परिस्थिती त्यांतून सुधारता कामा नये. चेंडूच्या मार्गातील पावलांचे ठसे ‘निगा’ या नावाखाली बुजविले तर तो वेगळ्या नियमाचा भंग होतो आणि दंड तेवढाच बसतो.

२०१९ पूर्वी ३४ नियम होते, त्यांचे २४ झाले. जुन्या व्यवस्थेत बंकर हा धोक्याचा प्रदेश होता आणि त्यातील सुट्या पानालाही हात लावण्याची मनाई होती. २००६ सालच्या महिलांच्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत मिशेल वी हिची काठी मागे जाताना बंकरमध्ये पडलेल्या शेवाळ्याच्या एका सुट्या गोळ्याला लागली. वाळूला स्पर्श झालेला नव्हता, तरी दोन फटक्यांचा दंड झाला. आज तीच घटना घडली तर दंड होणार नाही, कारण सुट्या नैसर्गिक वस्तूंना स्पर्श करण्यावरील बंदी उठली आहे. जुना नियम स्पर्श झाला का, एवढेच विचारत असे. नवा नियम पुष्कळ ठिकाणी त्या स्पर्शातून काय मिळाले, असे विचारतो.

पुष्कळ ठिकाणी, सर्वत्र नव्हे. चार निषेधांपैकी शेवटचे तीन आजही केवळ स्पर्शावर चालतात. तेथे हेतू विचारला जात नाही. अमेरिकेतील व्हिसलिंग स्ट्रेट्स मैदानावर २०१० च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत डस्टिन जॉन्सन अखेरच्या होलवर एका फटक्याने आघाडीवर होता. प्रेक्षकांनी तुडविलेली उघडी वाळू समजून त्याने चेंडूमागे काठी टेकविली. स्पर्धेच्या स्थानिक नियमानुसार मैदानावरील असा प्रत्येक वालुकामय खड्डा बंकरच होता आणि ही सूचना खेळाडूंना आधीच देण्यात आली होती. दोन फटक्यांचा दंड झाला, बरोबरी सोडविण्याच्या फेरीतील त्याची जागा गेली आणि ते विजेतेपद मार्टिन कायमर याने जिंकले. जॉन्सनला त्या स्पर्शातून काही मिळाले होते, असे कोणीही म्हटले नाही. आजच्या नियमांतही तो दंड टळला नसता.

याहून अवघड प्रसंग २०१६ सालचा आहे. महिलांच्या यूएस ओपन स्पर्धेत बरोबरी सोडविण्याच्या फेरीत ॲना नॉर्डक्विस्ट हिने बंकरमधून फटका मारला. काठी मागे नेताना वाळूचे काही कण हलले. हे तिला जाणवले नाही, समोरच्या खेळाडूला दिसले नाही, जवळ उभ्या असलेल्यांनाही दिसले नाही. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने अगदी जवळून टिपलेल्या दृश्यात मात्र ते स्पष्ट होते. शेवटच्या होलवर खेळ चालू असताना दंड कळविण्यात आला आणि ब्रिटनी लँग विजयी झाली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, नियमकर्त्या संस्थांनी चित्रफितीच्या वापराला मर्यादा घातली. साध्या डोळ्यांना दिसण्याजोगी नसलेली गोष्ट केवळ कॅमेऱ्यात दिसली म्हणून आता नियमभंग मानला जात नाही. २०१९ च्या नियमावलीत ही तरतूद कायम झाली.

या तरतुदीला जोडलेला अपवाद बातम्यांत सहसा येत नाही, आणि महत्त्व त्यालाच अधिक आहे. डोळ्यांना दिसले नाही, पण काठी वाळूला लागल्याचे खेळाडूला स्वतःला जाणवले असेल, तर नियमभंग झालाच. म्हणजे अशा क्षणी साक्षीदार एकच असतो आणि आरोपीही तोच. क्लबांच्या साध्या स्पर्धांत प्रत्येक गटाबरोबर पंच नसतो. खोल बंकरमध्ये उतरलेल्या खेळाडूची काठी वरून अर्धीच दिसते. तेथे मनगटाला जाणवलेली वाळूची कुरकुर गुणपत्रिकेवर उतरते की नाही, हे त्या एका माणसावर अवलंबून असते.

वाळूनंतर आता चेंडूकडे वळू. नियमाने परवानगी दिलेली नसताना स्थिर चेंडू उचलला किंवा मुद्दाम हाताळला, तर दंड एका फटक्याचा आहे आणि चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो. परवानगीचे प्रसंग ठरलेले आहेत. त्यांतला सर्वांत नेहमीचा म्हणजे ओळख पटविण्याचा. दोन खेळाडूंचे एकाच कंपनीचे चेंडू एकाच बंकरमध्ये अर्धे रुतून बसले की कोणाचा कोणता हे वरून कळत नाही. याच कारणासाठी चेंडूवर शाईने स्वतःची खूण करावी, असे नियमपुस्तिका सुचविते. २००८ पूर्वी अशा ठिकाणी ओळखीसाठी चेंडू उचलता येत नसे. त्याच्या मोबदल्यात तेथे चुकून दुसऱ्याचा चेंडू मारला तरी दंड नव्हता. २००८ पासून उचलण्याची मुभा मिळाली आणि ती माफी संपली. आता बंकरमध्ये दुसऱ्याचा चेंडू मारला तर दोन फटक्यांचा दंड होतो, त्या चेंडूवर मारलेले फटके धरले जात नाहीत आणि पुढच्या होलची सुरुवात करण्यापूर्वी चूक दुरुस्त केली नाही, तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो.

ओळखीसाठी उचलण्याची रीत अशी. प्रथम जागेची खूण करावी. नाणे, टी किंवा तत्सम वस्तू चेंडूच्या लगेच मागे वा बाजूला ठेवली तरी चालते. मग चेंडू उचलावा, ओळखीपुरता तेवढाच पुसावा आणि परत ठेवावा. खूण केली नाही, गरजेपेक्षा जास्त पुसला किंवा मुळात उचलण्याची वाजवी गरज नव्हती, तर एका फटक्याचा दंड आहे. प्रतिस्पर्ध्याला वा पंचाला आधी कळविण्याची अट २०१९ मध्ये गेली. तरी समोरच्याला सांगून उचलणे आजही शहाणपणाचे, कारण वाद झालाच तर पाहणारा कोणी असतो.

परत ठेवण्याच्या वेळी बंकरचा एक खास नियम लागू होतो आणि तो अनेकांना उलटा वाटतो. इतरत्र चेंडूखालची जमीन बिघडली असेल तर जवळची तशीच जागा शोधतात. वाळूत मात्र मूळ स्थिती शक्य तितकी जशीच्या तशी परत घडवावी लागते. चेंडू अर्धा रुतला होता तर हाताने खळगा करून तो अर्धा रुतवूनच ठेवायचा. पूर्ण गाडला गेला होता तर वर वाळू ओढायची. त्याचा थोडा भाग दिसता ठेवण्याची सवलत तेवढी आहे. आपली अडचण आपल्याच हातांनी पुन्हा बांधण्याचे हे काम आहे आणि ते टाळून सपाट वाळूवर चेंडू ठेवून मारला, तर दोन फटक्यांचा दंड होतो. वाळूत गाडलेला चेंडू शोधताना तो चुकून हलला तर दंड नाही. तोही याच रीतीने परत ठेवायचा.

दोन चेंडू एकमेकांलगत पडले, तर ज्याचा फटका आधी आहे तो दुसऱ्याला चेंडू उचलावयास सांगू शकतो. उचललेला चेंडू या प्रसंगी पुसता येत नाही. पहिल्याच्या फटक्याने तेथे मोठा खड्डा पडला तरी दुसऱ्याला त्या खड्ड्यातून खेळावे लागत नाही. त्याची मूळ स्थिती परत घडवून दिली जाते. तसेच शेजाऱ्याच्या फटक्याने उडालेली वाळू आपल्या चेंडूभोवती येऊन पडली, तर ती दूर करून पूर्वीची स्थिती आणता येते. आपला चेंडू येऊन थांबला तेव्हा जी स्थिती होती ती आपली, असे या कलमामागचे तत्त्व आहे.

पान आणि दाताळे यांची तुलना करण्यासारखी आहे. दोन्ही आता बंकरमधून उचलता येतात. पान, काटकी, खडा, पीस, शेण हे सुटे नैसर्गिक पदार्थ होत. दाताळे, बाटलीचे झाकण, बिस्किटाच्या पुड्याचा कागद या माणसाने केलेल्या हलविण्याजोग्या वस्तू होत. पण पान उचलताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड बसतो, दाताळे उचलताना हलला तर मुळीच नाही. दोन्ही वेळा चेंडू मूळ जागी ठेवायचाच असतो. उतारावरच्या वाळूत तो दोनदा ठेवूनही टिकत नसेल, तर त्याच बंकरमध्ये, होलच्या अधिक जवळ न जाता, जेथे टिकेल अशा सर्वांत नजीकच्या जागी ठेवावा. चेंडूला चिकटून बसलेले पान उचलावे की तसेच मारावे, हा म्हणून हिशेबाचा प्रश्न ठरतो. ते चेंडूला आधार देत असेल तर मागे हटलेले बरे. पान उचलताना बोटे वाळूला लागली तर हरकत नाही, मात्र तेवढ्यावर थांबले पाहिजे. वाळू स्वतः सुट्या पदार्थांत मोडत नाही, त्यामुळे चेंडूभोवतीची वाळू बोटाने झाडता येत नाही.

पाय रोवताना उतारावरची वाळू सरकून चेंडू हलला, तर तो खेळाडूनेच हलविला असे धरले जाते. एक फटका दंड आणि चेंडू मूळ जागी. वाऱ्याने हलला तर दंड नाही, पण मग जेथे जाऊन थांबेल तेथून खेळायचे. पक्षी वा प्राणी चेंडू घेऊन गेला आणि तसे खात्रीने माहीत असेल, तर दंड न होता चेंडू मूळ जागी ठेवतात. ब्रिटिश अमदानीत कलकत्त्याच्या मैदानावर माकडे चेंडू पळवीत आणि अखेर ‘माकड जेथे टाकील तेथून खेळावे’ असा नियम करण्यात आला, ही कथा व्यवस्थापनशास्त्राच्या व्याख्यानांत जगभर सांगितली जाते. कथा मौजेची आहे, परंतु तिच्या भरवशावर आज कोणी खेळला तर चुकीच्या जागेवरून खेळल्याचा दंड होईल. कावळ्याच्या किंवा कोल्ह्याच्या पावलांचे ठसे मात्र खेळाडूच्या माथी येतात. प्राण्याने खणलेल्या बिळातून मोफत सुटका मिळते, नुसत्या ठशातून मिळत नाही.

पावसाळ्यात खरी कसोटी पाण्याची असते. वाळू नुसती ओली वा चिखलासारखी असणे पुरेसे नाही. पृष्ठभागावर पाणी दिसले पाहिजे, मग ते खेळाडू उभा राहण्यापूर्वी दिसो वा सहज उभे राहिल्यावर पायांभोवती वर येवो. पाय जोराने दाबून काढलेले पाणी चालत नाही. असे साचलेले पाणी चेंडूला, उभे राहण्याला किंवा काठी फिरविण्याला अडथळा करीत असेल, तर दंडाविना सुटका मिळते, पण ती बंकरच्या आतच. पाण्यापासून पूर्ण मोकळी अशी सर्वांत जवळची जागा त्या बंकरमध्ये शोधायची, तेथून एका काठीच्या लांबीत, होलच्या अधिक जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. सगळाच बंकर पाण्याखाली असेल तर पाणी जेथे सर्वांत कमी अडते अशी जागा निवडावी लागते. घोट्याएवढ्या पाण्यातून खेळण्यापेक्षा एक फटका दंड घेऊन बंकरबाहेर जाणे अनेकदा स्वस्त पडते. तसे करताना होल आणि चेंडूची मूळ जागा यांना जोडणारी सरळ रेषा मागे वाढवून तिच्यावर चेंडू सोडतात. स्पर्धेच्या समितीला ठरावीक तुडुंब बंकर दुरुस्तीखालील जमीन म्हणून जाहीर करता येतो. तेव्हा बाहेरची सुटका मोफत होते. पावसाळी स्पर्धेत सकाळी फलकावर लावलेली स्थानिक नियमांची सूचना न वाचता पहिल्या टीवर जाणारा खेळाडू हा फायदा सहज गमावतो.

रुतलेल्या चेंडूबाबत एक गैरसमज फार रूढ आहे. मैदानाच्या सर्वसाधारण भागात चेंडू आपल्याच आघाताने जमिनीत रुतला तर मोफत सुटका असते. बंकरमध्ये ती नाही. बंकरच्या कडेखाली घुसलेला चेंडू मारवत नसेल तर तो न खेळण्याजोगा असल्याचे खेळाडूने स्वतः ठरवायचे; ते ठरविण्याचा अधिकार केवळ त्याचा. मग एका दंडाच्या फटक्यात तीन वाटा मिळतात. आधीचा फटका जेथून मारला होता तेथे परत जाता येते, बंकरच्या आत राहून होलच्या रेषेवर मागे जाता येते, किंवा आतच दोन काठ्यांच्या लांबीत बाजूला सरकता येते. २०१९ पासून चौथी वाट उघडली आहे. दोन फटके दंड घ्यावा आणि त्याच रेषेवर मागे जात बंकरच्या बाहेर पडावे. व्यावसायिक खेळाडू तिचा उपयोग क्वचित करतात. चार-चार वेळा वाळू उडवूनही चेंडू जागचा न हलविणाऱ्या रविवारच्या खेळाडूसाठी मात्र ती वरदान आहे. अनेकांना ती ठाऊक नसते, आणि ठाऊक असलेल्यांना कमीपणाची वाटते.

या सर्व व्यवहारात कोणाचा हात कोणत्या कामाला चालतो, हे भारतात विशेष ध्यानात घ्यावे लागते. कोलकात्यात काय किंवा दिल्लीत काय, खेळाडूबरोबर कॅडी असतोच. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी म्हणूनच वाढला. कॅडीने केलेल्या चुकीचा दंड खेळाडूला बसतो. त्याने दाताळ्याने वाळूची परीक्षा केली तर ती खेळाडूनेच केली असे समजले जाते. हिरवळीवर चेंडू उचलण्यास कॅडीला परवानगी लागत नाही, पण बंकरमध्ये लागते आणि ती प्रत्येक वेळी नव्याने द्यावी लागते. सकाळी एकदाच ‘तू उचलत जा’ असे सांगून ठेवणे नियमाला मान्य नाही. परत ठेवण्याचे काम खेळाडू किंवा ज्याने उचलला तोच करू शकतो. म्हणजे खेळाडूने उचललेला चेंडू कॅडीने ठेवून दिला आणि तसाच मारला गेला, तर एक फटका दंड. सुटका घेताना गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडण्याचे काम तर खेळाडूखेरीज कोणीच करू नये. कॅडी मदतीच्या सद्‌हेतूने वाकतो, तेवढ्यात नियम मोडतो. त्याला आधी सांगून ठेवणे हे खेळाडूचे काम आहे.

फटका मारला आणि चेंडू बंकरच्या कडेवर आदळून परत खेळाडूच्याच अंगावर आला, तर आता दंड नाही. तो जेथे थांबेल तेथून खेळायचे. २००३ सालच्या मास्टर्स स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी आघाडीवर असलेला जेफ मॅगर्ट याला तिसऱ्या होलवर असाच चेंडू लागला होता आणि तेव्हाच्या नियमाने त्याचे दोन फटके गेले. ही कठोरता २०१९ मध्ये संपली.

चेंडू एकदा बंकरबाहेर गेला की वाळूवरचे सारे निर्बंध संपतात. मग ती चाचपता येते, सरावाचे फटके मारता येतात आणि दाताळ्याने सारखी करता येते, जरी चेंडू मागेच थांबून होलकडे जाणारा पुढचा मार्ग त्या बंकरवरून असला तरी. चेंडू पुन्हा त्याच बंकरमध्ये घरंगळून आला, किंवा मैदानाच्या हद्दीबाहेर गेल्याने त्याच जागी परत सोडावा लागला, तर निर्बंधही परत येतात. वाळू सारखी करून झाल्यावर दाताळे कोठे ठेवावे यासंबंधी सक्तीचा नियम नाही. चेंडू अडण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून ते बंकरबाहेर, खेळाच्या दिशेला समांतर ठेवण्याची पद्धत आहे. तरीही एखादा चेंडू त्याला अडलाच, तर दाताळे उचलावे आणि चेंडू हलल्यास मूळ जागी ठेवावा.